अर्थशास्त्राचे दुसरे वर्ष सुरू होताना : मार्गदर्शक प्राध्यापकांकडे केव्हा जावे आणि काय घेऊन जावे

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि एसवायचा म्हणजे दुसऱ्या वर्षाचा प्रवेश झाला, की आता टीवायच्या म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत फक्त तासांना बसायचे आणि पेपर द्यायचे, असे कोकणातील बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात पदवीनंतरच्या वाटा ठरवणारे जवळपास सगळे निर्णय याच काळात होतात. मायनर म्हणजे दुय्यम विषय कोणता घ्यायचा, संख्याशास्त्राचा पेपर घ्यायचा की टाळायचा, क्षेत्र प्रकल्प कशावर करायचा, तीन वर्षांवर थांबायचे की चौथे वर्ष करायचे, हे सारे कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहून, शेजारच्या मित्राने काय भरले ते पाहून ठरते, आणि त्याचे परिणाम एम.ए.चा किंवा नोकरीचा अर्ज भरताना समोर येतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय घेऊन पुढच्या वर्षात गेलेल्या आणि मार्गदर्शक प्राध्यापकांशी अद्याप एकदाही नीट न बोललेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही त्यातील काही भाग उपयोगी पडेल, पण उदाहरणे अर्थशास्त्राचीच आहेत.

सल्ला कोणाकडे मागायचा

बहुतेक महाविद्यालयांत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर नेमलेला असतो आणि त्याची यादी विभागाच्या सूचना फलकावर लावलेली असते. ती यादी पाहून आपले नाव कोणाकडे आहे हे आधी शोधावे. मेंटॉर अर्थशास्त्राचेच असतील असे नाही. ते मराठीचे किंवा इतिहासाचे प्राध्यापक असले, तरी हजेरी, घरची अडचण, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज या बाबतींत पहिले बोलणे त्यांच्याशीच करावे, कारण कार्यालयात आणि प्राचार्यांकडे तुमच्या वतीने शब्द टाकण्याची जबाबदारी त्यांची असते. विषयाची निवड, पुढचे शिक्षण आणि प्रकल्प यांसाठी मात्र अर्थशास्त्र विभागातील प्राध्यापकांकडेच जावे. परीक्षा विभागातील लिपिक, ग्रंथपाल आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी ही माणसेही सल्ल्याच्या कामी तितकीच मोलाची आहेत. नियमाचा कागद नेमका कुठे आहे हे बहुधा लिपिकालाच ठाऊक असते.

मार्गदर्शक तुमच्या वतीने निर्णय घेणार नाहीत आणि त्यांनी तो घेऊही नये. कोणती वाट कोणत्या तारखेला बंद होते, कोणत्या पेपरावर पुढचे काय अवलंबून आहे आणि तुमच्या गुणपत्रिकेवरून तुमचे बळ कुठे दिसते, हे ते सांगू शकतात. तेवढे कळले तरी निर्णय निम्मा सोपा होतो.

भेटीची वेळ मागताना

‘सर, थोडे बोलायचे होते’ असा निरोप पाठवला, तर उत्तरही ‘या कधीतरी’ असेच येते. विषय, मुदत आणि लागणारा वेळ हे तिन्ही निरोपात असावे. उदाहरणार्थ : ‘आदरणीय मॅडम, मी एसवाय बीए, अर्थशास्त्र मेजर. दोन सत्रांनंतर माझा सीजीपीए ६.८ आहे. मायनर म्हणून भूगोल घ्यावा की राज्यशास्त्र, याबद्दल आपल्याशी पंधरा मिनिटे बोलायचे आहे. विषयनिवडीचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. मंगळवारी किंवा बुधवारी अकरानंतर आपल्याला केव्हा सोयीचे होईल?’ असा निरोप वाचला की प्राध्यापकांना अभ्यासक्रमाची पुस्तिका आधीच काढून ठेवता येते. गावाकडे जाणारी शेवटची एसटी लवकर असेल तर तेही निःसंकोच लिहावे. तासांनंतर थांबणे सर्वांनाच शक्य नसते, आणि हे प्राध्यापकांनाही माहीत असते.

भेटीला जाताना सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, सध्याच्या सत्राची विषयांची यादी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले तीन प्रश्न एवढे बरोबर न्यावे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, या खात्यात आपले श्रेयांक जमा झाले आहेत की नाही हे आदल्या दिवशी डिजिलॉकरमधून पाहून घ्यावे. एखाद्या सत्राचे श्रेयांक दिसत नसतील, तर ती तक्रार दुसऱ्या वर्षात सहज मिटते. तीच गोष्ट पदवी संपल्यावर उघडकीस आली, तर मुंबईपर्यंत खेपा घालाव्या लागतात.

सीजीपीएचे गणित आधी स्वतः मांडावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण, म्हणजे सीजीपीएच्या (सर्व सत्रांच्या दहापैकी सरासरी श्रेणीच्या) भाषेत ७.५, ही अट आहे. ही अट बहुतेकांना टीवायला गेल्यावर कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. किती उशीर, ते आकड्यांतच पाहू.

समजा प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक आहेत आणि पहिल्या दोन सत्रांनंतर तुमचा सीजीपीए ६.८ आहे. सहा सत्रांचे एकूण श्रेयांक १३२, म्हणून ७.५ गाठण्यासाठी १३२ गुणिले ७.५, म्हणजे ९९० गुणबिंदू (श्रेयांक गुणिले श्रेणी) हवेत. तुमच्याकडे ४४ गुणिले ६.८, म्हणजे २९९.२ आहेत. उरलेले ६९०.८ गुणबिंदू ८८ श्रेयांकांत मिळवायचे, म्हणजे पुढच्या चार सत्रांत सरासरी ७.८५ हवी. अवघड आहे, पण नेमाने अभ्यास करणाऱ्याच्या आवाक्यातले आहे. आता हाच विद्यार्थी दुसरे वर्षही ६.८ वरच काढतो असे धरा. त्याच्याकडे ५९८.४ गुणबिंदू असतील आणि उरलेले ३९१.६ केवळ ४४ श्रेयांकांत मिळवावे लागतील, म्हणजे शेवटच्या दोन सत्रांची सरासरी ८.९ लागेल. तिसऱ्या वर्षी एकाएकी एवढी झेप घेणारे विद्यार्थी फारच थोडे असतात. म्हणून चौथ्या वर्षाचा विचार मनात असो वा नसो, हा हिशेब एसवायच्या पहिल्या महिन्यात कागदावर मांडून तो कागद मार्गदर्शकांसमोर ठेवावा.

त्याच वेळी गुणपत्रिकेतील श्रेयांकांचा स्तंभही नीट वाचावा. चार श्रेयांकांच्या पेपरात श्रेणी एका अंकाने वाढली, तर ती दोन श्रेयांकांच्या पेपरातील दोन अंकांच्या वाढीइतकी भरते. मेजरचे पेपर बाजूला ठेवून छोट्या पेपरांत गुण गोळा करणारे विद्यार्थी दिसतात, आणि सूक्ष्म अर्थशास्त्राचा पाया कच्चा राहिल्यामुळे पुढचे सगळे पेपर त्यांना जड जातात.

चौथे वर्ष करावे की नाही, याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होऊ शकते, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर पीएच.डी.साठी थेट अर्ज करण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत केली आहे. मात्र संघ लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच लागते, तिथे ऑनर्स पुरत नाही. तुमच्या महाविद्यालयात चौथे वर्ष चालते का, हा प्रश्न त्याआधीचा. चालत नसेल तर त्या एका वर्षासाठी दुसऱ्या गावी राहण्याचा खर्च धरावा लागेल, आणि मग तीन वर्षांवर पदवी घेऊन चांगल्या विभागात दोन वर्षांचे एम.ए. करणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते.

गणित आणि संख्याशास्त्र

या लेखातील एकच भाग वाचायचा असेल, तर हा वाचावा. कोकणातील कला शाखेच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दहावीनंतर गणित सोडलेले असते. बी.ए. पूर्ण करण्यात त्यामुळे अडचण येत नाही, कारण आकृती काढून आणि मराठीत उत्तर लिहून चांगले गुण मिळतात. अडचण त्यानंतर येते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्याच्या अभ्यासक्रमात सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र व भारतीय अर्थव्यवस्था यांच्याबरोबरीने अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र आणि गणित हे स्वतंत्र भाग आहेत. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था असो वा कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, दोन्हीकडे गणिताशिवाय पुढे जाता येत नाही. नोकरीच्या बाजूलाही तेच आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदासाठी बारावीला गणितात ६० टक्के गुण हवेत, किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय हवा. बारावीला गणित नसलेल्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला या पदाचे दार फक्त दुसऱ्या अटीतून उघडते, आणि ती अट पूर्ण होईल की नाही हे एसवायच्या विषयनिवडीत ठरून जाते. संख्याशास्त्राचा एखादा पेपर घेतल्याने ती अट पुरी होते का, की तो पूर्ण विषय म्हणून गुणपत्रिकेवर दिसावा लागतो, हे जाहिरातीतील शब्द प्राध्यापकांसमोर ठेवून तपासावे.

महाविद्यालयात संख्याशास्त्राचा विभागच नसेल तर काय करावे? आधी अर्थशास्त्र विभागाकडे संख्याशास्त्रीय पद्धतींचा कोणता पेपर ऐच्छिक किंवा कौशल्य अभ्यासक्रम म्हणून आहे ते विचारावे. तो नसेल तर ‘स्वयम’ या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमाचे श्रेयांक आपले विद्यापीठ आणि महाविद्यालय कोणत्या अटींवर मान्य करते, ते नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्यावे. आधी अभ्यासक्रम पूर्ण करून मग श्रेयांक मागायला गेलेल्यांची निराशा होते, म्हणून हा क्रम चुकवू नये.

गुणपत्रिकेचे झाले, पण मूळ प्रश्न गणित येण्याचा आहे. माझे स्पष्ट मत आहे की दहावीनंतर गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील जाडजूड ग्रंथाने सुरुवात करू नये. बालभारतीची अकरावी-बारावीची वाणिज्य शाखेची गणित व संख्याशास्त्राची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. विकलन आणि त्याचे उपयोग, सारणी (मॅट्रिक्स), रेषीय प्रतिगमन, कालमालिका, निर्देशांक, रेषीय नियोजन आणि संभाव्यता वितरणे, म्हणजे अर्थशास्त्राला सुरुवातीला लागणारे जवळपास सर्व काही त्यांत आहे आणि उदाहरणे उत्तरांसह आहेत. रोज एक तास दिला तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ही पुस्तके हाताखालून जातात. मार्गदर्शकांना दर पंधरवड्याला सोडवलेली वही दाखवण्याची परवानगी मागावी. सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि वही दाखवायची आहे या जाणिवेने खंड पडत नाही.

मायनर विषय

मायनर निवडताना तो सोपा आहे का, हा प्रश्न शेवटी विचारावा. लोकसंख्या, स्थलांतर, पर्यटन, किनारपट्टीची शेती यांत रस असेल तर भूगोल उत्तम, कारण नकाशावर आकडेवारी मांडण्याचे कौशल्य त्यातून मिळते. स्पर्धा परीक्षेकडे कल असेल तर राज्यशास्त्राचा थेट उपयोग होतो. इतिहासाला कमी लेखू नये. कोकणातील खोती, म्हणजे खोतामार्फत जमिनीचा सारा वसूल करण्याची जुनी पद्धत, समजल्याशिवाय इथल्या जमिनीचा प्रश्न समजत नाही, आणि खोती नष्ट करण्यासाठी मुंबई विधिमंडळात १९३७ मध्ये विधेयक मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः अर्थशास्त्राचे पदवीधर होते.

क्षेत्र प्रकल्प आणि कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण

नव्या चौकटीत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि ओजेटी म्हणजे कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. अनेकांना ही निव्वळ कागद भरण्याची कामे वाटतात. माझ्या मते कोकणातील विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे बळ इथेच आहे. मुंबईच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला जे पुस्तकात वाचावे लागते, ते इथे घराच्या पडवीतून दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ च्या तुलनेत घटलेली आढळली, आणि रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या दोन आकड्यांमागे मुंबईला गेलेले चाकरमानी आहेत, त्यांनी पाठवलेल्या पैशांवर चालणारी घरे आहेत आणि पडीक राहिलेली भातशेती आहे. एवढ्या एका विषयात श्रमबाजार, कुटुंबाचा उपभोग आणि शेतीची उत्पादकता अशी तीन प्रकरणे लिहिता येतील.

विषय घेऊन मार्गदर्शकांकडे जाताना तो अरुंद करून न्यावा. ‘कोकणातील आंबा व्यवसाय’ हा विषय होत नाही. ‘आपल्या गावातील पंचवीस बागायतदारांनी गेल्या हंगामात किती माल वाशीच्या बाजार समितीत दलालामार्फत पाठवला, किती थेट ग्राहकाला विकला आणि दोन्हींत पेटीमागे हाती काय उरले’ हा विषय आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची नोंदणी तुमच्या गावातील किती बागायतदारांनी केली आणि न करणाऱ्यांची कारणे काय, हाही तितकाच नेमका प्रश्न आहे. मासेमारीकडे जायचे असेल तर हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावरील लिलावात भाव कसा ठरतो, हे लिलावाच्या वेळी उभे राहून टिपण्यासारखे आहे.

प्रश्नावली तयार झाली की ती मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय गावात नेऊ नये. ‘तुमचे वार्षिक उत्पन्न किती?’ असा प्रश्न सरळ विचारला तर बागायतदार हसून चहा देतो आणि आकडा देत नाही. तोच प्रश्न तुकड्यांत विचारावा : हंगामात पेट्या किती भरल्या, पहिल्या पेटीला आणि शेवटच्या पेटीला काय भाव मिळाला, फवारणीवर आणि मोहोरासाठी घालायच्या कल्टारवर किती खर्च झाला, राखणीला ठेवलेल्या माणसांना महिना काय द्यावा लागला, पेटी आणि वाहतूक किती, कॅनिंगला माल किती गेला आणि किलोमागे काय दर मिळाला. या उत्तरांतून उत्पन्न तुम्हालाच काढता येते आणि ते सांगितलेल्या गोल आकड्यापेक्षा अधिक भरवशाचे असते. आधी दोन-तीन घरी प्रश्न विचारून पाहावेत, अडखळणारे प्रश्न बदलावेत, आणि मगच पूर्ण पाहणी करावी.

वेळेचा विचार इथे फार महत्त्वाचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जूनमध्ये मंजूर झालेला मासेमारीचा प्रकल्प ऑगस्टपर्यंत जाग्यावरून हलत नाही. त्या दोन महिन्यांत बंदीच्या काळातील कर्ज आणि मजुरी यांवर प्रश्न विचारता येतील, हे मार्गदर्शकांशी बोलून ठरवावे. आंब्याचा हंगाम नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो. बागायतदारांशी निवांत बोलायचे तर पावसाळ्यात, हंगामाचे हिशेब ताजे असताना जावे.

स्वतः गोळा केलेल्या माहितीला सरकारी आकडेवारीची जोड हवी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते, राज्याची ‘आर्थिक पाहणी’ दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, आणि नाबार्ड प्रत्येक जिल्ह्याच्या संभाव्य पतपुरवठ्याचा आराखडा तयार करते. रोजगारासाठी २०१७ पासून सुरू असलेले नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण पाहावे, मात्र त्याचे जिल्हा पातळीचे निष्कर्ष काढण्याआधी नमुन्याचा आकार पुरेसा आहे का, हे प्राध्यापकांना विचारावे. संशोधन लेखांसाठी ग्रंथपालांकडून एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिक सेवेचे लॉगिन मागून घ्यावे.

ओजेटीसाठी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा, गावची पतसंस्था, मच्छीमार सहकारी सोसायटी, काजू प्रक्रिया कारखाना, ग्रामपंचायत अशी ठिकाणे जवळच असतात. जाण्याआधी विभागाचे पत्र घ्यावे आणि आपण तिथे नेमके काय शिकणार हे त्या पत्रात लिहून घ्यावे. नाहीतर सगळे दिवस झेरॉक्स काढण्यात जातात.

पेपर राहिला किंवा गुण अनपेक्षितपणे कमी आले तर

एटीकेटी लागली, म्हणजे पेपर राहूनही पुढच्या वर्गात गेलो, की विद्यार्थी प्राध्यापकांना तोंड दाखवायचे टाळतात. याच काळात भेटण्याची सर्वांत अधिक गरज असते. निकालाच्या दिवशीच उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत परीक्षा विभागाकडून लिहून घ्यावी. परीक्षा महाविद्यालयाने घेतली होती की विद्यापीठाने, यावर अर्ज कुठे करायचा हे ठरते. छायाप्रत हाती आली की ती घेऊन त्या विषयाच्या प्राध्यापकांकडे बसावे. आधी मुखपृष्ठावरील बेरीज आतल्या गुणांशी जुळते का पाहावे, मग एखादे पान किंवा उपप्रश्न तपासायचा राहिला आहे का पाहावे, आणि त्यानंतर उत्तरे वाचावीत. अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत तेच ते दोष पुन्हा पुन्हा दिसतात : आकृती काढलेली असते पण क्ष-अक्षावर किंमत आहे की नग हे लिहिलेले नसते, वक्र सरकवलेला असतो पण तो का सरकला याचे एक वाक्यही नसते, आणि मागणीतील बदल व मागणी केलेल्या नगसंख्येतील बदल यांत गल्लत झालेली असते. हे तिन्ही दोष महिनाभरात सुधारता येतात. अंतर्गत गुणच नोंदले गेले नसतील तर तो प्रश्न पुनर्मूल्यांकनाचा नाही, विभागाने दुरुस्तीचे पत्र देण्याचा आहे, आणि तो लगेच मांडावा.

मध्येच शिक्षण थांबवण्याची वेळ आली तर

घरचा कमावता माणूस आजारी पडतो, वादळात बाग आडवी होते, मुंबईला काकांनी नोकरी पाहिलेली असते. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही दोन वादळे ज्या घरांवरून गेली, त्या घरांतील मुलांना हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी न सांगता वर्गात येणे बंद करणे हा सर्वांत तोट्याचा मार्ग आहे. दुसरे वर्ष पूर्ण करून, म्हणजे ८० ते ८८ श्रेयांक मिळवून थांबायचे असेल, तर चार श्रेयांकांचा ठरवून दिलेला व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून पदविका घेता येते. थांबल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. श्रेयांक एबीसी खात्यात राहतात. नोकरी करत शिकायचे असेल तर मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, मात्र आधीचे कोणते श्रेयांक तिथे धरले जातील हे सोडण्याआधीच विचारावे. केवळ पैशांची अडचण असेल तर महाविद्यालयाचा विद्यार्थी सहायता निधी, हप्त्यांनी शुल्क आणि कमवा व शिका योजना यांबद्दल मेंटॉरशी बोलावे. हे बोलणे ते बाहेर सांगत नाहीत.

मनावरचा ताण असह्य झाला असेल, झोप उडाली असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. प्राध्यापकांना सांगणे जड वाटत असले तरी हा फोन करावा.

तारखा सांभाळताना

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नूतनीकरण करावा लागतो, आणि पुढच्या वर्षात गेलेल्या विद्यार्थ्यांकडून नेमके हेच राहून जाते, कारण पहिल्या वर्षी तो महाविद्यालयाने शिबिर लावून भरून घेतलेला असतो. उत्पन्नाचा दाखला जुना झाला असेल तर तहसील कार्यालयातून नवा मिळवायला लागणारा वेळ आधीच धरावा. जॅमचा अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे टीवायच्या पाचव्या सत्रात, गणपतीच्या आसपासच हा विषय हाती घ्यावा लागतो. पावसात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदम जातात, जिल्हाधिकारी अतिवृष्टीची सुट्टी जाहीर करतात, घाटात दरड कोसळते. म्हणून कोणत्याही अर्जाची शेवटची तारीख तुमच्यासाठी चार दिवस आधीची आहे असेच धरावे, आणि भरलेल्या अर्जाची पावती छापून मार्गदर्शकांकडेही एक प्रत द्यावी.

शिफारसपत्र मागताना

एम.ए.च्या, फेलोशिपच्या किंवा इंटर्नशिपच्या अर्जासाठी प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागले, तर किमान तीन आठवडे आधी मागावे आणि ‘आपण मला पुरेसे ओळखता असे आपल्याला वाटते का’ हे आधी विचारावे. होकार मिळाला की सोबत एक पान द्यावे. त्यावर संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, शेवटची तारीख, पत्र कुठे पाठवायचे किंवा कोणत्या संकेतस्थळावर चढवायचे, त्या प्राध्यापकांकडे केलेले पेपर व मिळालेले गुण आणि प्रकल्पाचे पाच-सहा ओळींत वर्णन असावे. प्रकल्पाची प्रतही जोडावी, म्हणजे प्राध्यापकांना ‘विद्यार्थी होतकरू आहे’ यापलीकडे काही लिहिता येते : त्याने पंचवीस बागायतदारांची पाहणी स्वतः केली, प्रश्नावली दोनदा बदलली, आणि दलालामार्फत व थेट विक्रीतील फरक पेटीमागे किती येतो हे स्वतः काढून दाखवले.